वारज्याला मेट्रो येईपर्यंत काय मागायचं?

पुण्याच्या वारज्यातल्या चार-पाच सोसायट्या आणि रामनगर वस्तीतले दोन महिला बचत गट मिळून महापालिकेला प्रभागाच्या वाहतुकीबद्दल सूचना देणार आहेत. त्यांनी मला विचारलंय: "नळस्टॉप-वारजे-माणिकबाग मेट्रोला मंजुरी मिळाली, पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, गाड्या हळूहळू इलेक्ट्रिक होतायत, आमच्यातल्या कितीतरी जणांनी ई-स्कूटर घेतल्या. मग हवेचा प्रश्न सुटत आला असं धरायचं का? आणि वाहतूक सगळ्यांना परवडेल अशी हवी असेल तर कागदावर नेमकं काय मागायचं?"

मी सत्तावीस वर्षं वाहतूक नियोजनात काढली, त्यातली बहुतेक पुण्यात. उत्तर लांबलंय. चहा घेऊन बसा.

आधी माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका आराखड्यासाठी आम्ही घरोघर जाऊन प्रवासाचं सर्वेक्षण करत होतो. फॉर्म मीच तयार केलेला. 'घर ते काम', 'काम ते घर' आणि 'इतर' अशा तीन ओळी. पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत एक ताई भेटल्या, घरकाम करणाऱ्या. त्यांनी आपला दिवस सांगितला: सकाळी सहकारनगरात दोन घरची धुणीभांडी, तिथून परत येऊन पोराला बालवाडीत सोडायचं, मग रेशनचं दुकान, दुपारी पोराला आणायचं, चार वाजता बिबवेवाडीत तिसऱ्या घरी आणि येताना भाजी. सगळं पायी, फक्त बिबवेवाडीला जाताना बस मिळाली तर बस. माझ्या फॉर्मात हे मावेना. मुलाखत घेणाऱ्या मुलाने शेवटी 'काम, एक फेरी, पायी' असं लिहिलं आणि पुढच्या दाराला गेला. महिन्याभराने आकडे संगणकात भरले तेव्हा आमच्या आराखड्याच्या लेखी त्या ताई जवळजवळ घरीच बसून होत्या. उलट औंधहून स्वारगेटला एकट्याने गाडी चालवत जाणारा माणूस दोन ठळक, लांबलचक रेषा काढून नकाशावर उमटला होता. रस्ते कुठे रुंद करायचे हे त्या नकाशावरून ठरतं. पुढचं ओळखा.

तेव्हापासून कुठलाही आराखडा हातात आला की मी एकच गोष्ट आधी शोधते: थांब्यावर उभ्या माणसाला किती मिनिटं थांबावं लागेल, हे यात कुठे लिहिलंय का? बहुतेक वेळा नसतं. किलोमीटर असतात, कोटी असतात, गाड्यांची संख्या असते. मिनिटं नसतात. तुमच्या कागदावर मिनिटं असू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

मेट्रोपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पत्राच्या मसुद्यात पहिलं पान तिचंच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळस्टॉप-वारजे-माणिकबाग या दोन मार्गिकांना मिळून मंजुरी दिली. सुमारे साडेएकतीस किलोमीटर, २८ स्थानकं, ९,८५८ कोटींच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला तीनशे कोटींहून जास्त. मुदत पाच वर्षांची आहे. आता मागचा अनुभव आठवा. पहिल्या टप्प्याचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, पहिली गाडी मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी अशी तुकड्यांत धावली आणि स्वारगेटपर्यंत भुयारातून गाडी पोचायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. मी मेट्रोच्या विरोधात नाही. मंडईचं स्थानक पाहिलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण आज तुमच्या बचत गटातल्या ज्या बाईची मुलगी सातवीत आहे, ती मुलगी वारज्याच्या स्थानकात पाय ठेवील तेव्हा कॉलेजात असेल, तेही सगळं वेळेत झालं तर. तोपर्यंत त्या घराने काय करायचं, याचं उत्तर मेट्रोच्या कागदांत नाही. असायचं कारणही नाही. ते बसच्या कागदांत असायला हवं.

शिवाय मेट्रोचा प्रवास स्थानकावर सुरू होत नाही, घराच्या दारात सुरू होतो. आज तुम्हाला जवळचं स्थानक वनाझ किंवा नळस्टॉप. रामनगरच्या चढावरून उतरून, बस किंवा शेअर रिक्षा पकडून तिथं जायचं, मग मेट्रो, मग पलीकडे परत काहीतरी. मेट्रोचं तिकीट १० ते ३५ रुपयांत आहे, ते फार नाही. दोन्ही टोकांची रिक्षा महाग पडते. म्हणून मेट्रोची खरी किंमत फीडर बस, म्हणजे घराजवळून स्थानकापर्यंत नेणारी बस, ठरवते. आणि फीडर बस पीएमपीची.

पुण्याच्या बसबद्दल बोलताना सगळे गाड्यांच्या संख्येवर भांडतात. भांडायला हवंच. केंद्राच्या नगर वाहतुकीच्या मानकांनुसार चांगल्या सेवेसाठी हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० गाड्या लागतात. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साधारण साडेअठ्ठेचाळीस लाख लोक होते. त्या जुन्या आकड्यालाही २,९०० गाड्या हव्या होत्या. पीएमपीचा ताफा कित्येक वर्षं दोन हजारांच्या आगेमागेच घुटमळतोय आणि दरम्यान वाघोली, मांजरी, रावेत, बावधन कुठल्या कुठे वाढले. नव्या गाड्या आल्या की जुन्या तेवढ्याच बाद होतात. हौद भरतोय, पण खाली तोटी उघडी आहे.

तरीही नुसती संख्या मागितलीत तर फसाल. समजा तुमच्या मार्गावर तासाला तीन बस आहेत, दर वीस मिनिटांनी एक. थांब्यावर केव्हाही आलात तर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल. आता त्याच बसगाड्या कोंडीमुळे एकमेकींना चिकटल्या, दोन-दोन जोडीने येऊ लागल्या. कागदावर काहीही बदललं नाही, फेऱ्या तेवढ्याच झाल्या. पण आता जोड्यांमधलं अंतर चाळीस मिनिटांचं झालं आणि तुमचं सरासरी थांबणं वीस मिनिटांवर गेलं. थेट दुप्पट. आणि पहिली गाडी ओसंडून वाहते, मागची रिकामी पळते. 'पाऊण तास एक बस नाही आणि मग तीन एकदम' ही पुणेरी तक्रार ऐकून अधिकारी हसतात, पण गणिताच्या दृष्टीने ती अगदी नेमकी तक्रार आहे. म्हणून मागणी अशी करा: गर्दीच्या वेळी दोन बसमधलं अंतर दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि ते थांब्यावर मोजलेलं हवं, डेपोतून गाडी सुटल्याच्या नोंदीवरून काढलेलं नको. गाड्यांत जीपीएस आहे. माहिती असतेच. ती दर महिन्याला मार्गनिहाय जाहीर करा म्हणावं.

आता माझा आवडता हिशोब. वारजे माळवाडी ते मनपा आणि परत, वाहकाच्या विश्रांतीसकट, समजा १०० मिनिटं लागतात. दर दहा मिनिटांनी बस द्यायची तर दहा गाड्या लागतील. आता वनदेवी ते डेक्कन या पट्ट्यात बसला तिची स्वतःची मार्गिका मिळाली आणि फेरी ८० मिनिटांवर आली, तर तेवढ्याच सेवेला आठ गाड्या पुरतात. दोन गाड्या, त्यांचे दोन पाळ्यांतले चालक-वाहक, त्यांची वीज किंवा सीएनजी, सगळं वाचलं. नाहीतर त्या दहाच्या दहा ठेवा आणि दर आठ मिनिटांनी बस द्या. एक बारा मीटरची ई-बस काही झालं तरी कोटीच्या वरच जाते. पांढऱ्या रंगाचा एक पट्टा आणि तो मोकळा ठेवणारा पोलीस एवढ्यात दोन बस मिळत असतील तर यापेक्षा स्वस्त सौदा माझ्या पाहण्यात नाही.

इथे कुणीतरी उठून म्हणेलच: "बीआरटी पाहिली की आम्ही!" खरंय, पाहिलीत. देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा, प्रयोग पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर केला. त्यात काम करणाऱ्यांपैकी मी नव्हते, पण कडेला उभी राहून बरंच शिकले. मार्गिका झाली, पण बसच्या मजल्याच्या उंचीचे फलाट, दारं असलेली बंदिस्त स्थानकं, ठरावीक वेळाने येणाऱ्या गाड्या, हे सगळं एकत्र नीट जमून आलं नाही. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यावर जायला पादचाऱ्याने जीव मुठीत धरून धावायचं. मार्गिकेत रिक्षा, दुचाकी, टँकर घुसायचे. तीन वर्षांनी, २००९ मध्ये, अहमदाबादने जनमार्ग ही आपली बीआरटी सुरू केली तेव्हा पुण्यात काय चुकलं याचा अभ्यास करूनच त्यांनी स्थानकं आधी बांधली. २०१५ मध्ये सांगवी-किवळे आणि संगमवाडी-विश्रांतवाडी इथं 'रेनबो' नावाने आपल्याकडेही पुष्कळ सुधारलेली आवृत्ती आली. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला ती अजून धावते. पुण्यात नगर रस्त्यावरची मात्र २०२३-२४ च्या सुमारास उखडून टाकली. कारण काय दिलं? कोंडी. मार्गिका काढल्यावर नगर रस्ता मोकळा झाला का, ते खराडीला जाणाऱ्या कुणालाही विचारा.

बीआरटीचं नाव निघालं की सभा तापते, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या पत्रात तो शब्दच टाळा. 'सकाळी साडेसात ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ, डावीकडची मार्गिका बससाठी राखीव' एवढं लिहा. बांधकाम नाही, खांब नाहीत, निविदा नाही. सहा महिने चालवा, मिनिटं मोजा, पटलं नाही तर पट्टा पुसा. पुण्यात एखादी गोष्ट कायमची करायची म्हटली की आयुष्यभर वाद चालतो. प्रयोग म्हणून कुणी फारसं अडवत नाही. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांसाठी बंद करून पादचारी दिन साजरा केला, तेव्हा दुकानदार धास्तावले होते. नंतर दरवर्षी तो दिवस येतो आणि लोक रस्त्याच्या मधोमध रांगोळ्या काढतात.

उड्डाणपुलांबद्दल फार बोलत नाही. विद्यापीठ चौकातले पूल बांधून जेमतेम दीड दशक झालं आणि २०२० मध्ये पाडावे लागले, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोला जागा नव्हती. नळस्टॉपचा दुमजली पूल तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. तिथली रांग पुढच्या चौकात सरकली की नाही ते तुम्हीच सांगा. आणि एचसीएमटीआर, म्हणजे 'हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट', नावाचा ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या विकास आराखड्यात सार्वजनिक वाहतुकीसाठी म्हणून राखला होता. पुढे त्याचा आराखडा झाला तेव्हा सहा मार्गिकांतल्या चार खासगी वाहनांना आणि दोन बसला निघाल्या. नाव 'मास ट्रान्झिट', काम मोटारींचं. पुढच्या आराखड्यात असं काही दिसलं तर पहिल्याच पानावर हरकत घ्या.

आता इलेक्ट्रिकचा प्रश्न. इथे मी तुमच्यातल्या उत्साही मंडळींना थोडी नाराज करणार आहे आणि ई-बसच्या भक्तांनाही.

पुण्यात पहिल्या ई-बस फेब्रुवारी २०१९ मध्ये रस्त्यावर आल्या, भेकराईनगर आणि निगडी डेपोतून. मोठ्या संख्येने ई-बस चालवणाऱ्या देशातल्या पहिल्या शहरांत आपण आहोत आणि याचा मला अभिमान आहे. बारा मीटरची वातानुकूलित ई-बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज खाते. आत पन्नास माणसं असतील तर माणशी ०.०२५ युनिट. इलेक्ट्रिक मोटार किलोमीटरला ०.१५ युनिट घेते आणि तीत सरासरी दीड माणूस धरला तर माणशी ०.१. म्हणजे बसच्या चौपट. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे. पण ई-स्कूटर? ती ०.०३ युनिटच्या आसपास. भरलेल्या बसच्या जवळपास! आणि बस अर्धी रिकामी असेल तर स्कूटरच जिंकते. हे आकडे मी एका बैठकीत मांडले तेव्हा माझ्याच बाजूचे लोक माझ्याकडे घरभेद्यासारखं पाहू लागले. पण खोटं बोलून बसची बाजू लढवायची गरज नाही. विजेच्या मापात स्कूटर वाईट नाही. ती जागेच्या आणि जिवाच्या मापात महाग आहे. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला उभ्या बसला साधारण ३० चौरस मीटर जागा लागते. तीच पन्नास माणसं स्कूटरवर असतील तर सुमारे तिप्पट, मोटारीत असतील तर दहापटीहून जास्त. बॅटरी लावून मोटार एक इंचही आखूड होत नाही. आणि शहरातल्या अपघातांत मरणारे बहुतेक दुचाकीवाले आणि पादचारी असतात. स्कूटर पेट्रोलची की विजेची, दुभाजकाला फरक पडत नाही.

हवेबद्दलही तेच अर्धवट खरं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत पुणे २०१९ पासून आहे. धुराड्याचा धूर ई-वाहनांनी नक्की कमी होतो, आणि डिझेल बस गेल्याने थांब्यावर उभ्या माणसाची छाती वाचली हे मी स्वतः अनुभवलंय. पण पुण्याच्या हवेतल्या धुळीचा मोठा वाटा रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा आहे. खोदलेले, अर्धवट बुजवलेले, कडेला मुरूम सोडलेले रस्ते. टायर आणि ब्रेक झिजून होणारी धूळ वेगळीच. जड इलेक्ट्रिक मोटारी ती कमी करत नाहीत. म्हणून पदपथ कडेपर्यंत नीट फरसबंद असणं, ही हवेचीही मागणी आहे. हे मात्र कुठल्या ई-वाहन धोरणात सापडणार नाही.

पदपथाचं मोजमाप सोपं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. मोकळी म्हणजे मोकळी: विजेचा डीपी, झाडाचं आळं, फलक, सगळं वगळून. उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलं, त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचे पदपथ नव्याने झाले आणि लोक आजही तिथं संध्याकाळी हवा खायला जातात. धोरण आहे, नमुना आहे. वारज्यात नाही एवढंच. मी एकदा एका रस्त्याच्या आराखड्यात पदपथ छान रुंद काढला, आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी मोटारी आत-बाहेर करण्यासाठी तो खाली-वर केला. पाचशे मीटरमध्ये चौदा चढउतार. एका आजोबांनी उद्घाटनाच्या दिवशी मला विचारलं, "बाई, हा पदपथ आहे की घाट?" त्यानंतर मी पदपथ सलग ठेवते आणि मोटारीला चढायला लावते. तुमच्या सोसायट्यांच्या फाटकापाशी हाच वाद होईल. तयारी ठेवा.

पार्किंग. इथं सोसायट्या आणि वस्ती यांचं खरं भांडण आहे आणि ते पत्रातून वगळलंत तर पत्र लटकं होईल. एक मोटार उभी करायला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा लागते. झोपडपट्टी पुनर्वसनात कित्येक वर्षं जे घर मिळत होतं ते २६९ चौरस फुटांचं, म्हणजे २५ चौरस मीटरचं. दोन मोटारी उभ्या राहतात तेवढ्या जागेत पाच माणसांचा संसार. आणि त्या दोन मोटारी सार्वजनिक रस्त्यावर रात्रभर फुकट उभ्या असतात. पुण्याने २०१८ मध्ये पार्किंग धोरण आणलं, सर्वसाधारण सभेने पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर मान्यही केलं. अंमल झाला नाही. 'गरिबाच्या दुचाकीवर कर' म्हणून आरडाओरडा झाला. ज्याच्याकडे काहीच वाहन नाही तो गरीब त्या सभेत कुणाला आठवला नाही.

तुम्ही असं लिहा की तुमच्या प्रभागातल्या दोन रस्त्यांवर मोटारींना तासाप्रमाणे पैसे घ्या, दुचाकींना सुरुवातीला सोडा, आणि जमा होणारा पैसा त्याच प्रभागाच्या पदपथांवर आणि थांब्यांवर खर्च करा. तो महापालिकेच्या समुद्रात गेला की लोकांना दिसत नाही, आणि दिसला नाही की पटत नाही.

मेट्रो स्थानकाभोवतीच्या ५०० मीटरच्या परिसरात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे जागेच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळतो, हेही लक्षात असू द्या. मार्गिका जवळ आली की रामनगरवर बिल्डरांची नजर पडेल. शिवाजीनगरच्या कामगार पुतळा वसाहतीतली कुटुंबं मेट्रोच्या कामासाठी हलवली तेव्हा त्यांना विमाननगर, हडपसर अशा ठिकाणी घरं मिळाली. घर पक्कं झालं, पण शिवाजीनगर-डेक्कनला चालत कामाला जाणारी बाई एका रात्रीत दोन बस बदलणारी बाई झाली. पुनर्वसन त्याच ५०० मीटरच्या आत हवं, ही वाहतुकीचीच मागणी आहे. बचत गटांनी ती पहिल्या क्रमांकावर ठेवावी असं मी म्हणेन.

आता तिकीट. १ जून २०२५ पासून पीएमपीचं किमान तिकीट ५ वरून १० रुपये झालं, दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दैनिक पास ७० आणि मासिक पास १,५०० रुपयांचा. इंधन, पगार, सुटे भाग सगळं वाढलंय, भाडं कधी वाढवूच नये असं मी म्हणत नाही. पण मार बसला कुणाला ते पाहा. वारज्याहून पिंपरीला जाणाऱ्याला मासिक पास परवडतो. गणपती माथ्यावरून कर्वेनगर, तिथून कोथरूड, मग परत, असे दिवसात चार छोटे टप्पे करणाऱ्या ताईंना रोज ४० रुपये लागतात. २६ दिवसांचे १,०४० झाले. म्हणजे मासिक पास त्यांना महाग, दैनिक पासही महाग, आणि सुटं तिकीट आधीच्या दुप्पट. पासचे दर ठरवणाऱ्याने माझ्यासारखाच फॉर्म वापरला असणार: घर ते काम, काम ते घर.

दुसरी तुलना स्कूटरशी. पेट्रोल शंभरच्या वर, गाडी लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये. पाच किलोमीटर जायला नवरा-बायकोला मिळून बारा रुपये. बसने वीस. जोवर हे असं आहे तोवर 'लोक बस का वापरत नाहीत' यावर परिसंवाद भरवायची गरज नाही.

यावर उपाय जगभर जुना आहे: वेळेचं तिकीट. एकदा १० रुपये दिले की दोन तास कितीही बस बदला. छोटे टप्पे करणाऱ्याचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो आणि लांबच्या प्रवाशाकडून मिळणारं उत्पन्न फारसं हलत नाही. पीएमपीने २०२१ मध्ये पेठांमध्ये 'पुण्यदशम' सुरू केली होती, दहा रुपयांत दिवसभर फिरा. म्हणजे कल्पना त्यांना अनोळखी नाही. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे; शहराच्या बसमध्ये तसं का नाही, हाही रास्त प्रश्न आहे. पण दोन्हींतलं एकच मागायचं झालं तर मी वेळेचं तिकीट मागेन, कारण त्याचा फायदा पथारीवाल्या काकांनाही होतो.

पैसा कुठून येणार, असं विचारतील. पीएमपीमध्ये पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४०. तोटाही त्याच प्रमाणात भरतात. तोटा हा शब्दच मला खुपतो. रस्त्याचा तोटा कुणी मोजत नाही. उड्डाणपूल महिन्याला किती कमावतो असं कुणी विचारलंय? पण इथे एक कडू गोष्टही आहे. बऱ्याचशा नव्या गाड्या ठेकेदाराच्या असतात, चालक त्याचा, वाहक पीएमपीचा आणि ठेकेदाराला पैसे धावलेल्या किलोमीटरवर. किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर बस रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या वेळी पळवणं सगळ्यात फायद्याचं. करारात वेळेवर थांब्यावर येण्याला पैसे आणि थांबा चुकवण्याला दंड हवा. आणि चालकाचा पगार वेळेवर झाला तरच ठेकेदाराचं बिल निघेल अशी अट हवी. बारा तासांची पाळी करून थकलेला, दोन महिने पगार न झालेला माणूस ज्या गाडीच्या चाकामागे बसलाय ती गाडी विजेवर चालते म्हणून स्वच्छ म्हणायची का?

सायकलबद्दल मुद्दाम कमी बोलते. २०१७ मध्ये पुण्याने चांगला सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत नदीकाठी गंजत पडल्या. सुरक्षित वाट नसताना सायकल वाटणं म्हणजे पोहायला न शिकवता तलावाचा पास देणं. वारज्यात आधी शाळांच्या भोवतीच्या अर्ध्या किलोमीटरपासून सुरुवात करा.

पत्र कुणाला द्यायचं? महापालिका आयुक्तांना, पीएमपीच्या अध्यक्षांना, आणि एक प्रत पुम्टाला. पुणे एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण २०१९ मध्ये याचसाठी स्थापन झालं की मेट्रो, बस आणि रस्ता यांनी एकमेकांशी बोलावं. छोट्या कामांसाठी, म्हणजे एखादा थांबा, एखादा पदपथ, नागरिकांच्या अंदाजपत्रकाचा अर्ज भरा. पुण्यात ही सोय २००६ पासून आहे आणि बहुतेक लोक तिथं फक्त बाकडी मागतात.

पण पत्र देण्याआधी आठवडाभर एक काम करा. गणपती माथ्याच्या थांब्यावर दोघांनी सकाळी साडेसात ते साडेनऊ वही घेऊन उभं राहायचं. एक सोसायटीतला, एक बचत गटातली, जोडीनेच. प्रत्येक बसची वेळ, मार्ग क्रमांक, चढायला जागा होती का, थांब्यावर गाडी थांबली की पुढे जाऊन थांबली, हे टिपायचं. पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की दोन बसमधली अंतरं काढा, सगळ्यात मोठ्या अंतराला लाल खूण करा. अधिकारी भाषणाला उत्तर देतात, वहीला देणं त्यांना जड जातं.

आणि वहीत एक रकाना जास्तीचा ठेवा: थांब्यावर येऊन, वाट पाहून, बस न घेता निघून गेलेली माणसं. बाई की पुरुष, अंदाजे वय, हातात काय होतं, पुढे कशाने गेली, शेअर रिक्षाने की पायी. जमलं तर गाठून विचारा, कुठे निघाला होतात.